उत्तर सह्याद्रीतील संरक्षित क्षेत्रे व वन्यजीव संचारमार्ग : हवामानबदलाच्या संदर्भात नियोजनाची चिकित्सा

प्रस्तावना

उत्तर सह्याद्रीतील वन्यजीव-नियोजनाचा अलीकडचा कोणताही दस्तऐवज उघडला तरी त्यातील नकाशावर एक उभी रेषा दिसते. ही रेषा कोयनेच्या खोऱ्यातून निघते, चांदोलीवरून राधानगरीस येते आणि पुढे आजरा, चंदगड, आंबोली, तिळारी अशी उतरत गोव्यातील म्हादई अभयारण्यात व तेथून कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पात जाऊन मिळते. वनखात्याच्या व्यवहारात तिला ‘कॉरिडॉर’ म्हणतात. मराठीत तिला संचारमार्ग म्हणणे योग्य ठरेल. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ साली देशातील ३२ प्रमुख व्याघ्र-संचारमार्गांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ‘सह्याद्री-राधानगरी-गोवा’ या मार्गाचा समावेश झाल्यापासून या रेषेला अधिकृत प्रतिष्ठा लाभली.

गेल्या काही वर्षांत या रेषेच्या समर्थनार्थ हवामानबदलाचे कारणही जोडले जाऊ लागले आहे. तापमान वाढले की प्राणी-वनस्पतींना आपली जागा सोडून सरकावे लागेल. सरकण्यासाठी सलग जंगल हवे. म्हणून संचारमार्ग हवा, अशी ही तर्कसाखळी आहे. तिच्यातील पहिली दोन विधाने मान्य होण्याजोगी आहेत. तिसऱ्या विधानापूर्वी मात्र एक प्रश्न गाळला गेला आहे. सरकायचे ते कोणत्या दिशेने? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाच्या आधारे उत्तर सह्याद्रीविषयीचे प्रमुख अहवाल, अधिसूचना व आराखडे यांची चिकित्सा केली आहे.

वाघासाठी आखलेली रेषा

ही रेषा निरर्थक आहे, असा येथे मुळीच दावा नाही. कोयना अभयारण्य (४२३.५५ चौ. किमी) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (३१७.६७ चौ. किमी) यांना केंद्रस्थानी ठेवून जानेवारी २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला, तेव्हा त्याचे एकूण क्षेत्र ११६५ चौ. किमीच्या आसपास होते. कागदावर हा आकार मोठा दिसत असला तरी येथे वाघ स्थिरावला नाही. येथे वाघ येत राहिला तो दक्षिणेकडून. २०१८ मध्ये सह्याद्रीत कॅमेऱ्याने टिपलेला एक वाघ २०२० मध्ये सुमारे २१५ किमी दूर काळी व्याघ्र प्रकल्पात आढळला. अंगावरील पट्ट्यांच्या जुळणीवरून त्याची ओळख पटली. एका प्राण्याने केलेला हा प्रवास म्हणजे नकाशावरील रेषेची प्रत्यक्ष साक्षच होय. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडावी लागली, यावरून माद्या एवढा लांब पल्ला आपण होऊन ओलांडत नाहीत, हेही स्पष्ट होते.

या रेषेवरील आघातही लांबीच्या दिशेनेच मोजले गेले. म्हादईच्या परिसरात जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिचे बछडे विषप्रयोगाने मेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मोले येथील रेल्वे दुपदरीकरणास मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. प्रत्येक प्रसंगी युक्तिवादाचा गाभा एकच होता : रेषा तुटता कामा नये. तो युक्तिवाद योग्यही होता. मात्र त्यामुळे संचारमार्ग म्हणजे वाघाचा मार्ग, हे समीकरण न्यायालयात, वृत्तपत्रांत आणि अध्यापनातही रूढ झाले.

या समीकरणाची मर्यादा रेषा आखण्याच्या पद्धतीतच आहे. अल्पतम-व्यय मार्ग किंवा विद्युत्परिपथाच्या सिद्धान्तावर आधारलेली प्रतिमाने भूप्रदेशाच्या प्रत्येक तुकड्याला ‘खर्च’ देतात. शेत, वस्ती, रस्ता यांतून जाणे वाघाला महाग; जंगलातून जाणे स्वस्त. मग दोन वाघक्षेत्रांमधील सर्वांत स्वस्त वाट काढली जाते. ज्या जिवाला खर्चाचे हे कोष्टक लागू पडत नाही, त्याच्यासाठी ती वाट अस्तित्वातच नसते. एका पावसाळ्यात शंभर मीटरही न सरकणाऱ्या बेडकाला २१५ किमीच्या मार्गाचा उपयोग कोणता, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही.

डोंगर आडवा आहे

सह्याद्रीतील हवामानाचा उतार उत्तर-दक्षिण कमी आणि पूर्व-पश्चिम जास्त आहे. समुद्रकिनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने ५० किमी. एवढ्या अंतरात जमीन समुद्रसपाटीपासून ७०० ते १४०० मीटरपर्यंत चढते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने तापमान घटते हा सर्वमान्य नियम धरला, तर एक अंश थंडाव्यासाठी सुमारे दीडशे मीटर चढावे लागते. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर हे दीडशे मीटर काही शे पावलांत पार होतात. पावसाचेही तसेच. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो; तेथून जेमतेम ३०-३५ किमीवरील वाईला तो हजाराच्या आत येतो. अशा डोंगरात ज्याला थंडावा वा ओलावा शोधायचा आहे, त्याला आडवे आणि वर-खाली जावे लागेल.

उत्तरेकडे सरकणे हा जगभरच्या ग्रंथांतून आढळणारा सामान्य नियम आहे. उत्तर गोलार्धात तापमानवाढीबरोबर जाती ध्रुवाच्या दिशेने सरकतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. सह्याद्रीत हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. येथे दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसतसे कोरड्या महिन्यांची संख्या वाढत जाते. केरळच्या दक्षिण भागात पाऊस वर्षाचे बरेच महिने हजेरी लावतो. उत्तर सह्याद्रीत मात्र जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत धुवाधार कोसळून तो पुढील सात-आठ महिने पाठ फिरवतो. सदाहरित वृक्षांची मर्यादा ठरते ती या कोरड्या महिन्यांच्या लांबीने. तेव्हा राधानगरीतील एखादी सदाहरित जाती संचारमार्गाने उत्तरेस गेलीच, तर ती अधिक कोरड्या प्रदेशात जाऊन पोहोचेल. उभी रेषा तिला आश्रय देणार नाही. तिला आश्रय मिळेल तो झऱ्याकाठी, घळीत, दाट धुक्याच्या कड्याखाली आणि देवराईत, म्हणजे जेथे कोरड्या महिन्यांतही पाणी टिकते अशा ठिकाणी.

नेमक्या याच ठिकाणांबाबत उत्तर सह्याद्रीचे दैव आड आलेले आहे. सर्वांत ओलसर तळ म्हणजे नद्यांची खोरी. आणि ती खोरी धरणांखाली गेली आहेत. कोयनेचा शिवसागर, वारणेवरील चांदोलीचा जलाशय, राधानगरीचा लक्ष्मी तलाव, तिळारी ही त्याची ठळक उदाहरणे. संरक्षित क्षेत्रे या जलाशयांच्या भोवतीच्या उतारांवर उभी आहेत. नकाशावर ती सलग हिरवी दिसतात, परंतु त्यांच्या मध्यभागी जे सर्वांत सुपीक, सर्वांत ओले आणि उंचीने सर्वांत खालचे जंगल असावयास हवे, तेथे पाणी आहे. चढण्याच्या शिडीची खालची पायरी अशा रीतीने आधीच बुडालेली आहे.

वरच्या पायरीचा प्रश्न वेगळा आहे. एल्सेन आणि टिंगले यांनी २०१५ साली जगातील १८२ पर्वतरांगांचा अभ्यास करून दाखविले, की वर जावे तसतशी जागा कमी होत जाणारा, पिरॅमिडसारखा डोंगर हा सर्वसाधारण नमुना नव्हे. अशा रांगा सुमारे एक-तृतीयांशच आहेत. उर्वरित रांगांत मध्यावर किंवा वरच्या भागातही जागा वाढते. हा निष्कर्ष आश्वासक आहे, आणि उत्तर सह्याद्रीला तो वरकरणी लागूही पडतो. कडा चढून गेल्यावर येथे जांभ्याचे विस्तीर्ण सपाट सडे लागतात. जागा एकाएकी वाढते. परंतु तेथे जंगल नाही. उघडा कातळ, मातीचा पातळ थर, पावसाळ्यात साचणारी डबकी, आणि त्यांवर अवलंबून असलेली आपली स्वतंत्र जीवसृष्टी तेथे आहे. साताऱ्याच्या पठारांवरील वायतुरा, कंदिलपुष्पांच्या प्रदेशनिष्ठ जाती, २००९ मध्ये स्वतंत्र प्रजातीत समाविष्ट झालेला आंबोलीचा पट्टेदार टोड ही तिची उदाहरणे. हे जीव अगोदरच माथ्यावर आहेत. त्यांच्यावर चढण्यासाठी डोंगर शिल्लक नाही. कळसूबाईची उंची १६४६ मीटर म्हणजे राज्यातील सर्वोच्च. तेथवर पोहोचले तरी पुढे आकाशच. उताराच्या जंगलाला आडवा मार्ग हवा आणि सड्याच्या जिवांना आहे त्याच जागी जपण्याखेरीज गत्यंतर नाही. या दोन्ही गरजा उभ्या रेषेने भागत नाहीत.

तुलनेसाठी कोस्टा रिकाचे उदाहरण घेता येईल. तेथील ब्राउलिओ कारियो राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार १९८६ साली ला सेल्वा या संशोधन केंद्राच्या मैदानी जंगलापर्यंत करण्यात आला, आणि समुद्रसपाटीपासून अवघ्या तीस-चाळीस मीटरपासून सुमारे २९०० मीटरपर्यंतचा सलग वनपट्टा संरक्षित झाला. त्यावेळी हवामानबदल ही प्रमुख प्रेरणा नव्हती. ऋतुमानाप्रमाणे वर-खाली स्थलांतर करणारे पक्षी डोळ्यांसमोर होते. परंतु पट्टा उंचीच्या दिशेने आखल्यामुळे तापमानवाढीच्या अभ्यासासाठी व संरक्षणासाठीही तो उपयुक्त ठरला. सह्याद्रीत असा एकही पट्टा जाणीवपूर्वक आखला गेलेला नाही.

अहवालांतील उंची

मार्च २०१० मध्ये नेमलेल्या आणि ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केलेल्या पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ समितीचे, म्हणजेच माधव गाडगीळ समितीचे, ऋण येथे मान्य केले पाहिजे. संपूर्ण पश्चिम घाटाकडे एक परिसंस्था म्हणून पाहण्याचे धैर्य तिने दाखविले. तिने घाटाचे सुमारे ९ × ९ किमीचे चौकोन पाडले आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती, संकटग्रस्त सस्तन प्राणी, सदाहरित जंगल, नदीकाठची वने, उंची, उतार इत्यादी निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले. पद्धत पारदर्शक होती व तिच्यावर वाद घालता येत होता, हे तिचे मोठेपण. तरीही उंचीच्या निकषाकडे बारकाईने पाहिले असता एक विसंगती जाणवते. जितका उंच, तितका संवेदनशील, असे तेथे गृहीत धरले गेले. उंची ही एका क्षणीची स्थिर गुणवत्ता मानली गेली. बदलत्या हवामानात जीव जिच्यावरून सरकतील ती वाट म्हणून तिच्याकडे पाहिले गेले नाही. परिणामी कड्याचा माथा पहिल्या श्रेणीत जातो आणि त्याच कड्याचा पायथा, जेथून वर सरकणे सुरू होणार आहे, तो खालच्या श्रेणीत उतरतो.

कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये हा विस्तार आणखी आखडता घेतला. उपग्रह-प्रतिमांवरून त्याने ‘नैसर्गिक’ व ‘सांस्कृतिक’ असे दोन भूदृश्यप्रकार वेगळे केले, विरळ लोकवस्ती हा एक निकष ठेवला आणि पश्चिम घाटाचा ३७ टक्के भाग, सुमारे ६० हजार चौ. किमी, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. २४ मीटर भूविभेदनाच्या प्रतिमा वापरल्यामुळे रेषा अधिक काटेकोर झाल्या, यात शंका नाही. मात्र कोकणच्या बाजूचा पायथा, म्हणजे काजूच्या बागा, खासगी राने, देवराया, भातखाचरे आणि त्यांच्यामधून वाहणारे ओहोळ, हा सारा प्रदेश ‘सांस्कृतिक’ सदरात गेला आणि विचाराबाहेर पडला. निसर्ग आणि संस्कृती यांची अशी फाळणी सह्याद्रीत कितपत टिकते, हा विद्यापीठीय चर्चेचाही विषय व्हावा. वा. द. वर्तक आणि गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा जो अभ्यास केला, त्यावरून तरी ती टिकणारी नाही.

हवामानबदलाचा विषय शासकीय लेखनात अनुपस्थित आहे, असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने चार प्रदेश व चार क्षेत्रे घेऊन १९३० नव्हे, तर येणाऱ्या २०३० च्या दशकासाठी जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात पश्चिम घाट हा एक प्रदेश होता. त्याच्या मुळाशी असलेले प्रादेशिक हवामान-प्रतिमान सुमारे ५० किमीच्या चौकटीचे. म्हणजे वेंगुर्ल्याचा समुद्र आणि आंबोलीचा माथा हे जवळजवळ एकाच चौकटीत बसतात आणि त्यांची सरासरी निघते! डोंगराच्या नियोजनासाठी ज्या आकड्यांची गरज आहे, नेमके तेच या सरासरीत विरघळून जातात. म्हणून आढाव्यातील इशारे अहवालांच्या प्रकरणांत राहिले. सीमांकनाच्या निकषांत ते उतरले नाहीत. १० मार्च २०१४ च्या प्रारूप अधिसूचनेत ५६,८२५ चौ. किमी क्षेत्र होते, त्यांपैकी महाराष्ट्रात १७,३४० चौ. किमी. त्यानंतर प्रारूपे पुनःपुन्हा निघत राहिली. सहावे ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरडींनंतर दुसऱ्याच दिवशी निघाले. एवढ्या दशकभरात क्षेत्राच्या आकड्यावर वाद झाला. क्षेत्राच्या आकारावर, तो उभा असावा की आडवा यावर, चर्चा झाल्याचे दिसत नाही.

दरम्यान डोंगरावर हवामानबदल आपल्या पद्धतीने येऊन ठेपला आहे. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे २०१७ च्या एका बहुचर्चित अभ्यासाने दाखविले. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिमी पाऊस झाला. त्याच दिवसांत महाडमधील तळिये आणि पाटण तालुक्यातील मिरगाव, आंबेघर या वस्त्यांवर डोंगर कोसळला. मिरगाव हे कोयनेच्या खोऱ्यातले. ज्या उतारांना वन्यजीवांची शिडी म्हणावयाचे, त्यांवर माणसेही राहतात आणि तो उतार स्वतःच सरकत आहे, हे नियोजनकारांना विसरता येणार नाही.

सड्यावरील पवनचक्क्या

हवामानबदलाला तोंड देण्याचे दोन मार्ग मानले जातात : उत्सर्जन घटविणे आणि जुळवून घेणे. हे दोन्ही एकाच जागेवर एकमेकांना छेद देऊ शकतात, याचे सातारा जिल्ह्यातील पठारांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वनकुसवडे, चाळकेवाडी परिसरात, कोयना अभयारण्याच्या शेजारी, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. स्वच्छ वीज म्हणून त्यांचे स्वागत झाले आणि ते अनाठायी नव्हते. परंतु चाळकेवाडीच्या पठारावर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारिया ठाकर व सहकाऱ्यांच्या संशोधनात असे आढळले, की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांची संख्या घटते, त्यामुळे रंगीत गळपिशवीच्या सरड्यांची संख्या वाढते, आणि त्या सरड्यांचे वर्तन व शरीरस्थितीही बदलते. पवनचक्की अन्नसाखळीतील वरिष्ठ शिकाऱ्याची जागा घेते, असा याचा अर्थ.

महसुली दप्तरात सड्याची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ अशी असते. झाडे नाहीत म्हणून तो वनाच्या व्याख्येत बसत नाही. शेती नाही म्हणून त्याला कोणी वाली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांवर बॉक्साइटच्या खाणी आल्या त्या याच रिकाम्या जागेतून. २०१२ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत पश्चिम घाटातील ३९ स्थळांमध्ये कास पठाराचा समावेश झाला, तेव्हा सड्याला प्रथमच आंतरराष्ट्रीय मान मिळाला. परंतु त्याच्या आजूबाजूचे सडे त्या मानापासून दूरच राहिले. फुलांच्या हंगामातील पर्यटकांची गर्दी हा कासचा नवा प्रश्न आहे, त्याचा विस्तार येथे अप्रस्तुत.

उताराची मालकी

आडवा पट्टा का आखला गेला नाही, याचे उत्तर शास्त्रात कमी आणि जमिनीच्या दप्तरात अधिक सापडते. घाटमाथ्यावर राखीव वने आहेत. कोकणच्या उतारावर मुख्यतः खासगी जमीन आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील क्षेत्र नगण्य. सिंधुदुर्गातही रानाचा मोठा भाग खासगी किंवा सामायिक मालकीचा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ ही नवी श्रेणी दिली, पण ती शासकीय जमिनीपुरती. २०२० मध्ये तिळारी संवर्धन राखीव घोषित झाले आणि त्याच वर्षाअखेर राज्य वन्यजीव मंडळाने आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, विशाळगड, पन्हाळगड, जोर-जांभळी इत्यादी आठ क्षेत्रांना मंजुरी दिली. उभ्या रेषेतील फटी बुजविण्याचे हे काम स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याने जेथे शासकीय जमीन तेथेच राखीव, असे ठरविल्यामुळे हे मणी माथ्यालगतच्या दोऱ्यात ओवले गेले. खासगी व सामूहिक जमिनीसाठी त्याच दुरुस्तीने ‘समुदाय राखीव’ ही दुसरी श्रेणी दिली होती. वरील आठांत तिचा एकही मणी नाही.

याला लोकांचा विरोध हे कारण सांगितले जाते. विरोध आहेच. कोयनेच्या आणि चांदोलीच्या विस्थापितांनी जे भोगले, त्यानंतर ‘संरक्षित’ हा शब्द डोंगरातल्या माणसाला ‘उठा’ असा ऐकू येतो, यात त्याचा दोष नाही. परंतु हे चित्र पूर्ण नव्हे. गाडगीळ समितीच्या काळात सिंधुदुर्गातील सुमारे २५ गावांच्या ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत असे ठराव केले होते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचा प्रश्न मात्र पुढे न्यायालयातच रेंगाळला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या मार्च २०२४ च्या आदेशाने काहीसा हलला. तोवर दोडामार्गच्या उतारांवरील कितीतरी रान तोडून रबर व अननसाची लागवड झाली होती. कर्नाटकातून २००२ च्या सुमारास सिंधुदुर्गात उतरलेले हत्ती याच उतारांवरून वर-खाली फिरतात. त्यांनी आडवी वाट कोणत्याही आराखड्याविना शोधली. तिचे मोल केळी-नारळीच्या बागायतदारांनी चुकते केले.

आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांतील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळी कबुलायत लिहून देणाऱ्या गावकरांकडे सामूहिकपणे असलेल्या या जमिनी पुढे शासनाच्या नावे लागल्या, आणि शासन व गावकर यांच्यातील वाद अनेक दशके भिजत पडला. जमीन कोणाची हेच ठरत नसल्याने तिचे राखीव कोणत्या श्रेणीत करावयाचे, हेही ठरत नाही. आणि वाटणी होऊन ती तुकड्यांनी विकली गेली, तर ठरविण्यासारखे काही उरणार नाही. ही गावे कड्याच्या काठावर, आडव्या आणि उभ्या दोन्ही वाटांच्या छेदबिंदूवर आहेत.

याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या कुंडात एका नव्या माशाची नोंद २०२० मध्ये झाली. शिस्टुरा हिरण्यकेशी हे त्याचे शास्त्रीय नाव. २०२१ मध्ये त्या ठिकाणाला जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, क्षेत्र २.११ हेक्टर. त्या कुंडात कोरड्या महिन्यांतही पाणी येते ते वरच्या डोंगरमाथ्यातून झिरपून, आणि तो माथा या २.११ हेक्टरांच्या बाहेर आहे. त्याच्या वाटपाचे मोजणी-नकाशे महसूल खाते करते, संचारमार्गाचे नकाशे वनखाते करते, आणि दरडप्रवण क्षेत्राचे नकाशे तिसऱ्याच विभागात तयार होतात.